बूट डिस्क चालते, पण नेटवर्क कार्ड सापडत नाही: जुना ड्रायव्हर शोधायचा कसा

बॅकअप घेतलेला आहे. बूट डिस्क हाताशी आहे. मशीन तिच्यावरून नीट सुरू होतं, रिस्टोअरचा प्रोग्रॅमही उघडतो. मग तो विचारतो, इमेज, म्हणजे बॅकअपची फाइल, कुठे आहे? इमेज नेटवर्कवरच्या शेअरमध्ये, म्हणजे दुसऱ्या मशीनवरच्या सामायिक फोल्डरात आहे आणि तिथपर्यंत पोचवणारं कार्ड या डिस्कला ओळखताच येत नाही. यादी रिकामी. शेअरचा पत्ता हाताने टाइप केला तर मार्ग सापडला नाही असा संदेश.

मी ज्या ठिकाणी मशीन सांभाळत होतो तिथे एका मशीनचा मदरबोर्ड गेला. बदली बोर्ड आला, त्याच नावाचा, त्याच मॉडेलचा. बूट डिस्क जुन्या बोर्डावर दोनदा तपासलेली होती, म्हणून मी निर्धास्त होतो. डिस्क लावली, काळी खिडकी उघडली, नेटवर्कची माहिती दाखवणारी आयपीकॉन्फिग ही आज्ञा दिली. वर ‘विंडोज आयपी कॉन्फिगरेशन’ एवढी एक ओळ आली आणि खाली काहीच नाही. कार्डाचा दिवा मात्र लागलेला. तीन तास मी केबल, स्विच आणि शेअरच्या परवानग्या तपासत बसलो. शेवटी टॉर्च घेऊन बोर्डावरची चिप वाचली. जुन्या बोर्डावर रिअलटेकची आरटीएल ८१११ई होती, नव्यावर आरटीएल ८१११जी. दोन्हींचा पीसीआय आयडी, म्हणजे उत्पादक आणि चिप ओळखण्याचा क्रमांक, एकच: १०ईसी:८१६८. फरक फक्त रिव्हिजनमध्ये, म्हणजे चिपच्या आवृत्तीत, ०६ च्या जागी ०सी. डिस्कमधल्या जुन्या ड्रायव्हरने, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, आयडी पाहून कार्ड आपलं म्हणून धरलं, पण चिप सुरू करणं काही त्याला जमलं नाही.

त्या दिवसापासून एक गोष्ट मी पक्की धरून चाललो आहे. बूट डिस्कसाठी ड्रायव्हर शोधताना दोनच प्रश्न विचारायचे: कार्डावर नेमकी चिप कोणती आणि डिस्कच्या आत कोणती सिस्टिम चालते. मशीनवर कोणतं विंडोज बसवलेलं होतं, मशीनचं मॉडेल काय, खोक्यावर काय लिहिलं होतं, यातलं काहीही डिस्कला कळत नाही. चुकीचे ड्रायव्हर उतरवण्यात जो वेळ जातो, त्यातला बहुतेक याच गल्लतीत जातो. मशीनवर विंडोज १० होतं म्हणून विंडोज १० चा ड्रायव्हर आणला, आणि डिस्कच्या आत विंडोज ७ च्या काळातली विनपीई, म्हणजे डिस्कवरून चालणारी विंडोजची छोटी आवृत्ती, निघाली.

(खाली आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत द्यायची.)

आधी खात्री करा, दोष ड्रायव्हरचाच आहे का

विनपीईवर आधारलेल्या डिस्कमध्ये ही खात्री अर्ध्या मिनिटात होते. आयपीकॉन्फिग /ऑल द्या आणि काय दिसतं ते पाहा.

एकही अडॅप्टर दिसत नसेल, तर ड्रायव्हर नाही किंवा तो सुरू झालेला नाही. हा लेख त्यासाठीच आहे.

अडॅप्टर दिसतो पण पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो, तर ड्रायव्हर काम करतो आहे आणि नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून पत्ता मिळालेला नाही. अशा वेळी नवा ड्रायव्हर शोधणं म्हणजे वेळ वाया. याचं एक नेहमीचं कारण स्विचमध्ये असतं. स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये फेरा तयार होऊ न देणारी सोय) चालू असलेला पोर्ट केबल जोडल्यावर ऐकण्यात १५ आणि शिकण्यात १५ असे ३० सेकंद घेतो आणि मगच डेटा पुढे सोडतो. तेवढ्यात डिस्कने पत्ता मागून सोडूनही दिलेला असतो. अर्ध्या मिनिटाने आयपीकॉन्फिग /रिन्यू दिलं की बहुतेक वेळा काम होतं. नाही झालं तर नेटश या आज्ञेने हाताने पत्ता द्या.

अडॅप्टर दिसतो, पण माध्यम जोडलेलं नाही असं म्हणतो. केबल ठीक असेल आणि कार्ड रिअलटेकचं असेल तर मशीन बंद करून पॉवरची वायर काढा, लॅपटॉप असल्यास शक्य तर बॅटरीही काढा, मिनिटभर थांबा आणि पुन्हा सुरू करा. विंडोज बंद होताना काही ड्रायव्हर वेक-ऑन-लॅनसाठी, म्हणजे नेटवर्कवरून मशीन सुरू करता यावं म्हणून, चिपला कमी विजेच्या अवस्थेत ठेवून जातात आणि दुसऱ्या सिस्टिमच्या ड्रायव्हरला तिला जागं करता येत नाही. वीज पूर्ण तुटली की चिप पहिल्यापासून सुरू होते. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता ड्रायव्हर शोधायला बसण्याआधी वायर काढून पाहतोच.

आणि बायोसमध्ये बोर्डावरचं कार्ड बंद केलेलं नाही ना, तेही एकदा बघून घ्या.

चिपची ओळख

मशीनवरचं विंडोज अजून उघडत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीज उघडून, डिटेल्समध्ये ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. सगळ्यात वरची लांब ओळ पूर्ण उतरवून घ्या. तिच्यात व्हेन म्हणजे उत्पादक, डेव्ह म्हणजे चिप, सबसिस म्हणजे बोर्ड बनवणाऱ्याचा क्रमांक आणि रेव्ह म्हणजे रिव्हिजन असतं. रेव्ह गाळू नका. माझे तीन तास तिथेच गेले होते.

विंडोज उघडतच नसेल, आणि अशा वेळी ते बहुधा उघडत नाहीच, तर विनपीईत ड्रायव्हर नसतानाही ओळख काढता येते. कार्ड चालत नसलं तरी पीसीआय बसवर ते दिसतंच, आणि त्याची नोंद रजिस्ट्रीत होते. रेग क्वेरी देऊन एचकेएलएम\सिस्टिम\करंटकंट्रोलसेट\एनम\पीसीआय या जागी /एस /एफ सीसी_०२०० असा शोध लावा. ०२०० हा इथरनेट कार्डांचा वर्ग-क्रमांक आहे, त्यामुळे शेकडो नोंदींतून फक्त नेटवर्क कार्डं वर येतात. वायफाय कार्डांचा वर्ग ०२८० असतो.

लिनक्सची कोणतीही लाइव्ह डिस्क असेल तर काम आणखी सोपं. एलएसपीसीआय -एनएनके दिलं की आयडी, रिव्हिजन आणि सध्या कोणता ड्रायव्हर लागला आहे, हे तिन्ही एकत्र दिसतं.

काही क्रमांक डोक्यात बसलेले असले की बरं पडतं. ८०८६ इंटेल, १०ईसी रिअलटेक, १४ई४ ब्रॉडकॉम, १०बी७ थ्रीकॉम, १०२२ एएमडी, ११०६ व्हीआयए, ११एबी मार्व्हेल. ८०८६:१००ई दिसला तर ती इंटेलची ८२५४०ईएम आहे. व्हर्च्युअल मशीनमध्ये हीच चिप पुष्कळदा नकली रूपात भेटते. १०२२:२००० म्हणजे एएमडीची पीसीनेट. तीही आता व्हर्च्युअल मशीनमध्येच जास्त दिसते.

डिस्कच्या आत काय आहे

विनपीईच्या काळ्या खिडकीत व्हर एवढंच टाइप करा. ६.१ आलं तर आत विंडोज ७ ची पिढी, म्हणजे विनपीई ३. ६.० म्हणजे व्हिस्टा, ६.२ म्हणजे विंडोज ८, ६.३ म्हणजे ८.१, आणि १०.० म्हणजे विंडोज १० किंवा ११. बिट किती तेही पाहा. ६४ बिटच्या विनपीईत ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही आणि उलटही चालत नाही. मशीन फारच जुनं आणि ३२ बिटचं असेल तर लक्षात ठेवा, ३२ बिट विनपीईची शेवटची आवृत्ती विंडोज १०, २००४ च्या अ‍ॅड-ऑनमध्ये आहे. त्यानंतरच्या संचात ती नाही.

आता ड्रायव्हरच्या फोल्डरमधली आयएनएफ फाइल, म्हणजे तो कोणत्या चिपला आणि कोणत्या विंडोजला लागू आहे ते सांगणारी फाइल, नोटपॅडमध्ये उघडा. ही सवय लावून घ्याच. ‘मॅन्युफॅक्चरर’ या विभागात उत्पादकाच्या नावापुढे एनटीएएमडी६४.६.१ यासारखे शब्द असतात. ६.१ म्हणजे हा भाग विंडोज ७ पासून पुढे लागू. तिथे फक्त एनटीएएमडी६४.१०.० असेल तर विनपीई ३ ती फाइल वाचेल, आयडीही त्यात असेल, तरी ड्रायव्हर घेणार नाही. मग खाली त्याच नावाच्या विभागात जाऊन आपला व्हेन-डेव्ह शोधा. दोन्ही सापडले तरच तो ड्रायव्हर घेऊन पुढे जा. पाच पाकिटं डिस्कमध्ये घालून बघण्यापेक्षा पाच आयएनएफ वाचणं केव्हाही लवकर होतं.

इंटेलच्या पाकिटात हे काम फोल्डरांच्या नावांनीच सोपं केलेलं आहे. पीआरओ१००० च्या आत विन३२ आणि विनएक्स६४, आणि त्यांच्या आत एनडीआयएस६२, एनडीआयएस६३, एनडीआयएस६४, एनडीआयएस६५. ६२ म्हणजे विंडोज ७, ६३ म्हणजे ८, ६४ म्हणजे ८.१, ६५ म्हणजे १०. इथे ‘६४’ बघून ६४ बिट समजण्याची चूक सहज होते. बिटची माहिती वरच्या फोल्डरच्या नावात आहे, या आकड्यात नाही.

एक अडचण आयएनएफमध्ये दिसत नाही, ती सहीची, म्हणजे ड्रायव्हर खरा आहे हे दाखवणाऱ्या डिजिटल खुणेची. ६४ बिट विनपीईला सही असलेला ड्रायव्हरच लागतो. २०१५ नंतरच्या पुष्कळ ड्रायव्हरांवर फक्त एसएचए-२ प्रकारची सही आहे, आणि विंडोज ७ ला ती सही तपासता यावी म्हणून मायक्रोसॉफ्टने केबी३०३३९२९ हे अपडेट दिलं होतं. ते अपडेट न मिळालेल्या विनपीई ३ ला अशी सही खोटी वाटते. आयडी जुळतो, आवृत्ती जुळते, तरी ड्रायव्हर लागत नाही. उपाय दोन: त्याच चिपचा जुना, एसएचए-१ सही असलेला ड्रायव्हर शोधायचा, किंवा डिस्कच नव्या विनपीईवर बांधायची. मी दुसरा निवडतो. जुन्या सहीच्या मागे लागणं म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा तिथेच अडकणं.

कुठे शोधायचं

पहिली जागा म्हणजे ज्या मशीनवर ते कार्ड अजून चालतं आहे ते मशीन. त्याच चिपचं दुसरं मशीन असलं तरी चालेल. विंडोज १० मध्ये डीआयएसएम /ऑनलाइन /एक्सपोर्ट-ड्रायव्हर दिलं की बाहेरून बसवलेले सगळे ड्रायव्हर मूळ आयएनएफ, सिस (प्रत्यक्ष ड्रायव्हर) आणि कॅट (सहीची फाइल) यांच्यासकट एका फोल्डरात येतात. जुन्या विंडोजमध्ये सिस्टिम३२ च्या आतल्या ड्रायव्हरस्टोअर\फाइलरिपॉझिटरीमधून तो फोल्डर पूर्ण उचला. मेलेल्या मशीनची हार्ड डिस्क वाचता येत असेल तर ती दुसऱ्या मशीनला जोडूनही हे करता येतं, आणि तो ड्रायव्हर त्या कार्डावर चाललेला असल्यामुळे शंकेला जागा राहत नाही.

दुसरी जागा मायक्रोसॉफ्टचा अपडेट कॅटलॉग. इथे मशीनच्या नावाने शोधू नका, हार्डवेअर आयडीच टाका. आधी व्हेन, डेव्ह आणि रेव्हसकट, आणि काही आलं नाही तर रेव्ह काढून. यादीत प्रत्येक ड्रायव्हर कोणत्या विंडोजसाठी आहे ते लिहिलेलं असतं. कॅब फाइल मिळते, ती एक्सपँड -एफ:* ने उघडते. इन्स्टॉलर नाही, जाहिरात नाही, सही मूळ. जुन्या कार्डांसाठी मला सगळ्यात जास्त ड्रायव्हर इथेच मिळाले आहेत.

तिसरी जागा म्हणजे मशीन बनवणाऱ्या कंपन्यांचे एकत्रित संच. डेल, एचपी, लेनोव्हो यांचे मोठ्या कार्यालयांसाठी काढलेले संच असतात, डेल आणि एचपीचे तर खास विनपीईसाठीही आहेत. त्यात फक्त नेटवर्क आणि स्टोरेजचे ड्रायव्हर असतात, त्यामुळे ते आटोपशीर असतात.

चिप बनवणाऱ्याच्या साइटवर अर्थातच जा, पण जुन्या फाइली तिथे कायम राहतील असं गृहीत धरू नका. २०१९ मध्ये इंटेलने आपल्या जुन्या डेस्कटॉप बोर्डांची बायोस आणि ड्रायव्हरची डाउनलोडं काढून घेतली, तेव्हा ज्यांनी प्रत जपली नव्हती त्यांची पंचाईत झाली. अशा वेळी इंटरनेट आर्काइव्ह उपयोगी पडतं. त्याच्या वेबॅक मशीनमध्ये उत्पादकाच्या डाउनलोड पानाचा जुना पत्ता टाका. पान उघडलं तरी फाइल जपलेली असेलच असं नाही. म्हणून पानावरून फाइलचं अचूक नाव घ्या आणि त्या नावाने आर्काइव्हमध्येच वेगळा शोध करा. उत्पादकांच्या जुन्या एफटीपी साइटींच्या आणि मदरबोर्डसोबत मिळणाऱ्या सीडींच्या प्रती तिथे लोकांनी चढवलेल्या आहेत. घरातल्या खणात पडलेली मदरबोर्डची सीडीही फेकू नका. डॉसचे, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या सिस्टिमचे, ड्रायव्हर बहुधा तिच्याच एखाद्या आतल्या फोल्डरात निघतात.

‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणाऱ्या अनोळखी साइटींपासून मात्र लांब राहा. हे मी अगदी मनापासून सांगतो आहे. बूट डिस्कमधला ड्रायव्हर सिस्टिमच्या गाभ्यात चालतो, आणि ती डिस्क आपण ज्या मशीनला लावतो त्याच्या सगळ्या डेटाला हात लावू शकते. कॅट फाइलवर उजवं क्लिक करून डिजिटल सही कोणाची आहे ते बघा. सही नसेल किंवा नाव भलतंच असेल तर ती फाइल डिस्कमध्ये जाता कामा नये.

ड्रायव्हर हातात आला, आता पुढे

मिळालेली फाइल इन्स्टॉलर असेल तर ती विनपीईत चालवण्याचा उपयोग नाही. सेव्हन-झिपने उघडून आतली आयएनएफ, सिस आणि कॅट ही तीन बाहेर काढा. काही इन्स्टॉलर उघडत नाहीत. ते दुसऱ्या मशीनवर चालवून, पहिल्या पडद्यावर थांबवून, टेम्प फोल्डरात काय उलगडलं ते पाहायचं.

तिन्ही फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन विनपीईत ड्रव्हलोड आणि आयएनएफचा पूर्ण मार्ग द्या. यशाचा संदेश आला की डब्ल्यूपीईयूटिल इनिशिअलाइझनेटवर्क, आणि मग पुन्हा आयपीकॉन्फिग. नाही लागला तर एक्स:\विंडोज\आयएनएफ मध्ये सेटअपएपीआयच्या लॉग फाइली असतात, त्यांच्या शेवटच्या काही ओळी वाचा. कोणता आयडी शोधला, तो आयएनएफमध्ये सापडला का, सही नाकारली का, सगळं तिथे लिहिलेलं असतं.

इथे एक अडथळा भेटू शकतो. विंडोज ७ मध्ये मुळात यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही, म्हणून विनपीई ३ ला निळ्या पोर्टमधला पेन ड्राइव्हच दिसत नाही. काळा, यूएसबी २ चा पोर्ट वापरा. तोही नसेल तर ड्रायव्हर बूट डिस्कच्या स्वतःच्या इमेजमध्येच, म्हणजे बूट.विम या फाइलमध्ये, घालावा लागेल.

आणि तो तसाही इमेजमध्येच घालायचा आहे. ही तक्रार परत परत येण्याचं मुख्य कारण हेच आहे. ड्रव्हलोडने लावलेला ड्रायव्हर एक्स: या मेमरीतल्या ड्राइव्हवर राहतो, मशीन रीस्टार्ट झालं की तो गेला. रिस्टोअर पार पडतं, सगळे सुटकेचा श्वास घेतात, डिस्क खणात जाते आणि पुढच्या बिघाडाच्या वेळी ती जशी होती तशीच निघते. म्हणून काम झाल्यावर त्याच दिवशी बसून बूट.विम उघडा:

डीआयएसएम /माउंट-इमेज /इमेजफाइल:डी:\सोर्सेस\बूट.विम /इंडेक्स:१ /माउंटडिर:सी:\माउंट

डीआयएसएम /इमेज:सी:\माउंट /अ‍ॅड-ड्रायव्हर /ड्रायव्हर:सी:\ड्रायव्हर /रिकर्स

डीआयएसएम /अनमाउंट-इमेज /माउंटडिर:सी:\माउंट /कमिट

मधल्या आज्ञेनंतर /गेट-ड्रायव्हर्स देऊन आपला ड्रायव्हर यादीत आला का ते बघा. विंडोजच्या इन्स्टॉल डिस्कवरून बनवलेली बूट.विम असेल तर तिच्यात दोन इंडेक्स असतात, आणि डिस्क बूट होते ती दुसऱ्यावरून. पहिल्यात ड्रायव्हर घालून ‘काहीच फरक पडला नाही’ म्हणणारे बरेच जण असतात. आणखी एक: बॅकअपचे पुष्कळ प्रोग्रॅम नवी आवृत्ती बसवल्यावर बूट डिस्क नव्याने बांधतात आणि हाताने घातलेलं सगळं जातं. त्यांच्या स्वतःच्या डिस्क बनवण्याच्या पडद्यात ड्रायव्हरचा फोल्डर देण्याची सोय असेल तर तोच मार्ग धरा.

डॉसची डिस्क असेल तर

अजूनही काही मशीनांचे, विशेषतः यंत्रांना जोडलेल्या जुन्या संगणकांचे बॅकअप डॉसच्या बूट डिस्कनेच घेतलेले असतात. तिथे ड्रायव्हरचे तीन वेगळे प्रकार आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या नेटवर्क क्लायंट ३.० ला एनडीआयएस २ चा ड्रायव्हर लागतो, फाइलचा शेवट .डॉस. नोव्हेलच्या पद्धतीला ओडीआय लागतो, सोबत एलएसएल.कॉम आणि नेट.सीएफजी. तिसरा पॅकेट ड्रायव्हर, तो एखादा इंटरप्ट, बहुधा ०एक्स६०, धरून बसतो. आपल्या डिस्कमध्ये प्रोटोकॉल.आयएनआय आणि प्रोटमॅन (प्रोटोकॉल मॅनेजर) दिसले तर एनडीआयएस २ शोधा. पॅकेट ड्रायव्हर मागणारा प्रोग्रॅम असेल आणि मिळाला एनडीआयएस २, तर डीआयएस_पीकेटी नावाचा दुवा मधे बसवता येतो.

इंटेलच्या गिगाबिट कार्डांना ई१०००.डॉस, इंटेल प्रो/१०० ला ई१००बी.डॉस, रिअलटेक ८१३९ ला आरटीएसएनडी.डॉस, रिअलटेकच्या गिगाबिट चिपला आरटीजीएनडी.डॉस, ब्रॉडकॉम ५७ मालिकेला बी५७.डॉस, थ्रीकॉमच्या ९०एक्सला ईएल९०एक्स.डॉस, पीसीनेटला पीसीएनटीएनडी.डॉस. नाव माहीत असलं की शोध फार सोपा होतो, कारण आर्काइव्हमध्ये या फाइली नावानेच सापडतात.

फाइल बदलली आणि तरी ड्रायव्हर लागत नाही, अशी तक्रार आली की मी सर्वात आधी प्रोटोकॉल.आयएनआय मागतो. तिच्यात अशा ओळी असतात:

[नेटकार्ड]
ड्रायव्हरनेम=ई१०००$

हे डॉलरचं नाव फाइलचं नाव नसून ड्रायव्हरच्या आत कोरलेलं नाव असतं. जुना ई१००बी.डॉस काढून नवा ई१०००.डॉस टाकला, सिस्टिम.आयएनआयमध्ये फाइलचं नावही बदललं, पण इथे ई१००बी$ तसंच राहिलं, तर प्रोटोकॉल मॅनेजरला जोडायला कोणी सापडत नाही. प्रत्येक ड्रायव्हरसोबत नमुन्याची प्रोटोकॉल.आयएनआय येते, नाव तिच्यातून अक्षर न अक्षर उतरवा. बाइंडिंग्ज या ओळीत विभागाचं जे नाव आहे तेच वर चौकटी कंसात आहे ना, तेही बघा.

आपल्या चिपचा डॉस ड्रायव्हर मिळालाच नाही तर यूएनडीआय हा एक मार्ग उरतो. कार्डाच्या बूट रॉममध्ये पीएक्सईचा कोड असतो आणि अनडिस३सी.डॉस हा ड्रायव्हर त्याच कोडकडून काम करून घेतो, मग चिप कोणतीही असो. अट एवढीच, की डॉसची इमेज पीएक्सईने, म्हणजे नेटवर्कवरून बूट झालेली हवी. पेन ड्राइव्हवरून बूट केलं तर तो कोड मेमरीत नसतो. अगदी नव्या मशीनवर जुना बायोस मोडच नसेल तर डॉसचा मार्ग तिथेच संपतो.

आणि ड्रायव्हर लागल्यावरही डॉसमधून शेअर उघडणार नाही, ही शक्यता मोठी आहे. मायक्रोसॉफ्टचा हा क्लायंट एसएमबी या शेअर उघडण्याच्या भाषेची सगळ्यात जुनी पद्धत, एसएमबी १, बोलतो. विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०९ आवृत्तीपासून एसएमबी १ मुळातच बसवलेलं येत नाही, आणि नव्या एनएएसमध्येही (नेटवर्कला जोडलेल्या साठवण-पेटीत) ते बंद असतं. नेहमीच्या सर्व्हरवर एसएमबी १ चालू करू नका. एखादं वेगळं मशीन घ्या, एसएमबी १ फक्त त्यावर चालू करा, इमेज त्यावर उतरवा, दोन्ही मशीन एकाच केबलने थेट जोडा आणि काम झालं की ते बंद करा. पॅकेट ड्रायव्हर असेल तर डॉससाठीच्या एमटीसीपी या संचामधला, फाइली आणणारा एफटीपी प्रोग्रॅमही चांगला चालतो आणि एसएमबीचा प्रश्नच येत नाही.

लिनक्सची डिस्क

क्लोनझिला किंवा सिस्टिमरेस्क्यूसारख्या डिस्कमध्ये ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात, त्यामुळे शोधाशोध कमी. अडलंच तर डीमेसेज ही आज्ञा देऊन कर्नलच्या नोंदी वाचा. फर्मवेअर फाइल मिळाली नाही असं लिहिलेलं असेल तर ड्रायव्हर आहे, पण चिपमध्ये भरायचा कोड नाही. ब्रॉडकॉमच्या बीएनएक्स२ कार्डांना हे हमखास लागतं. रिअलटेकच्या बाबतीत ‘अननोन चिप एक्सआयडी’ असं दिसलं तर चिपची रिव्हिजन कर्नलपेक्षा नवी आहे, डिस्कची ताजी आवृत्ती उतरवा. माझ्या मशीनची गोष्ट लिनक्सवर घडली असती तर या एका ओळीने तीन तास वाचवले असते.

ड्रायव्हर मिळालाच नाही तर

मशीनमध्ये मोकळा स्लॉट असेल तर ज्या कार्डाचा ड्रायव्हर डिस्कमध्ये आधीपासून आहे असं एक कार्ड लावा, रिस्टोअर करा, काढून घ्या. मी एक जुनं इंटेल कार्ड यासाठीच बाजूला ठेवलं आहे. स्लॉट नसेल तर एएसआयएक्स एएक्स८८१७९ किंवा रिअलटेक आरटीएल८१५३ चिपचा यूएसबी अडॅप्टर चालतो. लिनक्सच्या डिस्कना तो लगेच ओळखू येतो, विनपीईसाठी त्याचा ड्रायव्हर इमेजमध्ये घालून ठेवावा लागतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये कार्डाचा प्रकार व्हीएमएक्सनेट३ वरून ई१००० वर नेला तरी पुरतं.

हे सगळं जमवून झालं की ड्रायव्हरांचा फोल्डर बॅकअपच्या शेअरवर ठेवू नका, तो शेअर उघडत नाही म्हणून तर आपण इथे आलो. तो बूट डिस्कवरच ठेवा, आणि प्रत्येक उपफोल्डरला मशीनचं नाव न देता आयडीचं नाव द्या: १०ईसी_८१६८_०सी, ८०८६_१५३ए. सोबत एका मजकूर फाइलमध्ये डिस्कच्या आतली आवृत्ती, बिट आणि ड्रायव्हर कुठून घेतला ते लिहा. बोर्ड, कार्ड किंवा विनपीई यातलं काहीही बदललं की डिस्क लावून शेअर उघडा आणि त्यातली एखादी मोठी फाइल शेवटपर्यंत वाचून बघा. नुसता पिंग पुरत नाही. अर्धवट जुळणारा ड्रायव्हर पिंगला उत्तर देतो आणि इमेजच्या चौथ्या-पाचव्या गिगाबाइटला मान टाकतो.